माकड हसत नाहीये, लेकराला मागे घ्या!

पावसाळा लागला की घाटातले व्हिडिओ सुरू होतात. वरंध घाट घ्या, आंबोली घ्या, नाहीतर माथेरान. वेफर्सचा पुडा बाहेर निघतो, लेकराला पुढे केलं जातं आणि वर कौतुक, "बघ बघ, माकड कसं हसतंय!"

नाही हो. ते हसत नाहीये.

लाल तोंडाच्या माकडाने ओठ मागे ओढून दात दाखवले, तर बहुतेक वेळा अर्थ असतो, 'मी घाबरलोय.' टक लावून, तोंडाचा आ करून बघितलं तर ती सरळ धमकी. आणि आपलं लेकरू काय करतं? नजरेला नजर लावून बघत राहतं. आपल्याला वाटतं दोस्ती चाललीय.

माकडांच्या टोळीत वरचा कोण, खालचा कोण, हे सगळ्यांना पाठ असतं. आफ्रिकेत, बोट्स्वानामधल्या ओकावांगोच्या जंगलात डोरोथी चेनी आणि रॉबर्ट सेफार्थ यांनी बबून माकडांना ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले. खालची मादी गुरगुरतेय आणि वरची घाबरून ओरडतेय, असा उलटा क्रम लागला की बबून स्पीकरकडे जास्त वेळ बघत राहायचे. 'हे असं कसं झालं?' म्हणजे कोणी कोणाशी कसं वागायचं, याची त्यांची पक्की अपेक्षा असते.

आता आपलं वागणं बघा. टोळीत वरचा आला की खालचा खाणं सोडून बाजूला होतो. माकड अंगावर आलं की आपणही पुडा टाकून पळतो. त्याच्या हिशेबात आपण खालचे ठरलो! पुढच्या गाडीतल्या माणसाने दिलं नाही, तर ते ओरबाडणारच. मग आपण म्हणतो, माकडं माजलीत. माजली नाहीत, शिकलीत. शिकवणारे आपण.

आणि भोगतो कोण? घाटाखालचा शेतकरी, ज्याच्या नारळ-केळीवर माणसाची भीती मोडलेल्या टोळ्या उतरतात. शाळेत चालत जाणारी पोरं. पर्यटक तर संध्याकाळी घरी गेलेला असतो.

श्रद्धेचा मुद्दा येणारच, म्हणून आधीच सांगतो. मारुतीरायाच्या नावाने द्यायचं असेल तर देवळातल्या अन्नदानाला द्या. वेफर्स आणि क्रीमची बिस्किटं हा नैवेद्य नव्हे.

'माकडांना खाऊ घालू नये' असा नुसता बोर्ड लावून भागत नाही. थांब्यांवर झाकणाचे कचरा डबे हवेत, गर्दीच्या शनिवार-रविवारी तिथे माणूस हवा आणि दंड खरोखर वसूल व्हायला हवा. ग्रामपंचायत आणि वनखात्याने हे मिळून करावं. पण काच खाली करायची की नाही, हे तर आपल्याच हातात आहे ना?

आणि हो, चावलं किंवा ओरखडलं तर हळद लावत बसू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवा आणि थेट दवाखाना गाठा. रेबीजचा धोका असतो.

या रविवारी घाटात निघालेल्यांना ही पोस्ट नक्की पाठवा.