आडनाव सांगितलं, तरी उत्तर अर्धंच

अंबाजोगाईत किंवा बीडमध्ये कॉलेजसाठी खोली बघायला गेलात, की घरमालक आधी नाव विचारतात. तुम्ही पहिलं नाव सांगता. "पूर्ण सांग ना." आडनावावरून पत्ता लागला नाही, तर गाव कोणतं, पाव्हणे कुठले. भाडं, लाइट बिल हे सगळं त्यानंतर. हे तसं सगळ्यांच्याच वाट्याला येतं. पण ज्याची आई एका जातीतली आणि वडील दुसऱ्या, त्याची इथं खरी पंचाईत होते. आडनाव वडिलांचं असतं. तो तेवढं सांगून मोकळा होतो आणि आईचं माहेर गिळून टाकतो.

२०२५ मध्ये बीडच्या पोलिस अधीक्षकांनी पोलिसांच्या नावाच्या पट्ट्यांवरून आडनावं काढायला लावली. जिल्ह्यात जातीवरून वातावरण तापलेलं होतं. उपाय चांगलाच. पण खाकीवरची पट्टी बदलली म्हणून लग्नाच्या पंगतीतलं "हिची आई आपल्यातली नाही" हे कुजबुजणं कसं थांबणार?

अशा मुलामुलींना आपण सहज 'मिक्स' म्हणून टाकतो. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. बरं, त्यांच्यातल्या कित्येकांना आजोळ म्हणजे काय हेच माहीत नसतं, कारण लग्नानंतर आईला माहेरचा उंबरा बंद झालेला असतो. मामा एकाच शहरात राहतो आणि भाचीला ओळख देत नाही. हे तुमच्याच वर्गात कुणाच्या तरी घरी चाललेलं असेल.

आता हे बघा. मालवण तालुक्यातल्या वराड गावचे अशोक वराडकर डॉक्टर म्हणून परदेशी गेले आणि तिथं मिरिअम या आयरिश नर्सशी त्यांचं लग्न झालं. त्यांचा मुलगा लिओ डब्लिनमध्ये जन्मला आणि २०१७ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला. २०१९ च्या डिसेंबरात तो वराडला आला, तेव्हा गावानं त्याचं जोरात स्वागत केलं. आई कुठली, धर्म कुठला, हे आड आलं नाही. (पंतप्रधान झाल्यावर कुणीही आपलाच असतो, ते सोडा.) आईचा देश दूर असला, की आपल्याला कौतुक वाटतं. तिचं माहेर शेजारच्या वस्तीत असलं, की मात्र अब्रू जाते.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. आई आदिवासी आणि वडील बिगरआदिवासी अशा एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये सांगितलं, की मुलाची जात वडिलांचीच असं साधारणपणे धरलं जाईल, पण तो शेवटचा शब्द नाही. आईच्या समाजात वाढलो, तिथले हाल आणि अपमान सोसले, हे मुलाला पुराव्यानं दाखवता येतं. म्हणजे कोर्टानंही नुसतं आडनाव पाहिलं नाही. पोर कुणाच्या अंगणात वाढलं, तेही पाहिलं.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारनं आईचं नाव वडिलांच्या आधी आणलंय. तुमचा जन्म त्याआधीचा, त्यामुळे दाखल्यावर ते आपोआप येणार नाही. वहीच्या पहिल्या पानावर आणि इन्स्टाच्या प्रोफाइलवर मात्र ते लिहायला सरकारी निर्णय लागत नाही.