संकटाच्या आधी लिहिलेला कागद

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधलं पाचवं कलम आपल्याला पाठ असेल. उद्या आजार उसळला आणि स्वतःचा निर्णय स्वतः घेता येईनासा झाला, तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावं, हे बरं असतानाच लिहून ठेवण्याचा हक्क ते प्रत्येक सज्ञान माणसाला देतं. पूर्वी मानसिक आजार झालेला असो वा नसो. कायद्याच्या भाषेत हा ‘आगाऊ निर्देश’. २०१८ पासून हा कायदा लागू आहे. तरीही सरकारी मनोरुग्णालयाच्या ओपीडीत नंबर लावून बसलेल्यांना विचारून पाहावं. गोळ्यांची नावं, डोस, केसपेपरचा नंबर, सगळं तोंडपाठ असतं. या कागदाबद्दल ऐकलेला माणूस मात्र क्वचितच सापडतो.

हा कागद त्यांच्यापर्यंत पोचवणं आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

दीर्घ मानसिक आजारात डॉक्टरांची भेट महिन्यातून एकदा, तीही काही मिनिटांची. बाकीचा महिना शुभार्थी, म्हणजे आजार असलेला माणूस, स्वतःच सांभाळत असतो. त्या सांभाळण्यात केवढं शहाणपण लागतं, याचा अंदाज बाहेरच्याला येत नाही. बायपोलर आजारात दिलं जाणारं लिथियमच घ्या. रक्तातली त्याची पातळी थोडी खाली गेली तर उपयोग होत नाही, थोडी वर गेली तर हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. गुण देणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांत अंतर फार थोडं. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात घाम गाळणारा मजूर, निर्जळी उपवास धरणारी बाई, जुलाबाने हैराण झालेला म्हातारा, या सगळ्यांच्या शरीरातलं पाणी कमी होतं आणि लिथियम वर चढतं. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून आणलेली आयबुप्रोफेनची गोळीसुद्धा तेच करते. म्हणजे गोळी वेळेवर घेणं एवढ्यावर भागत नाही. पाणी, मीठ, उपवास, ऊन, दुसरी औषधं, रक्ततपासणीची तारीख, एवढं सगळं त्या माणसाला कळावं लागतं. झोपेचंही तसंच. गणपतीतली जागरणं, एमआयडीसीतली रात्रपाळी किंवा बाळंतपणानंतरच्या अपुऱ्या झोपेच्या रात्री उन्मादाचा झटका ओढवून आणू शकतात.

ज्याला हे सगळं ठाऊक असतं, त्याला स्वतःच्या आजाराची चाहूलही बऱ्याचदा सगळ्यांच्या आधी लागते. ती लिहून ठेवण्याची जागा कायद्याने दिली असली, तरी प्रत्यक्ष व्यवस्थेत मात्र ती नाही.

आगाऊ निर्देशाचा असा कागद एखाद्या शिक्षिकेने लिहिला, तर त्यात काय असेल? “सलग तीन रात्री मी चार तासांहून कमी झोपले आणि तरी दमले नाही, तर समजावं की सुरुवात झाली आहे. मी नव्या क्लासची, नव्या धंद्याची योजना सांगू लागेन, उधार-उसनवार करीन. तेव्हा माझं एटीएम कार्ड बहिणीने ठेवून घ्यावं. हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शनने माझी मान वाकडी होते, जीभ ओढली जाते. ते देऊ नये. मागच्या वेळी ज्या गोळीने झोप लागली तिचं नाव खाली दिलं आहे. मला बांधू नये. बोलणारी बाई जवळ असली की मी शांत होते. मुलाला वॉर्डात आणू नये, पण रोज संध्याकाळी त्याच्याशी फोनवर बोलू द्यावं. माझ्या वतीने निर्णय बहिणीने घ्यावा, नवऱ्याने नाही.” हा कागद इथे कल्पनेने लिहिला आहे. पण यातली प्रत्येक ओळ रात्री अडीच वाजता ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरला उपयोगी पडेल अशी आहे. औषधाने मान वाकडी होणं ही त्या गटातल्या औषधांची परिचित प्रतिक्रिया आहे. ती आधी कळली तर एका माणसाचे हाल टळतात.

कागदावर उतरवलेल्या अशा योजनेची रीतसर बांधणी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात १९९७ मध्ये झाली. स्वतः तीव्र मनःस्थिती-बदलांतून गेलेल्या मेरी एलन कोपलंड आणि त्यांच्यासारख्याच काही जणांनी एकत्र बसून ‘वेलनेस रिकव्हरी अ‍ॅक्शन प्लॅन’ तयार केला. रोज काय केलं की बरं राहतं, कशाने बिघडतं, बिघडू लागल्याच्या पहिल्या खुणा कोणत्या, संकटात कोणी काय करायचं आणि संकट ओसरल्यावर कामावर परतायचं कसं, हे ज्याचं त्यानेच लिहायचं. तो कागद दुसऱ्याने भरून द्यायचा नाही, ही त्यातली मुख्य अट. ओहायोमध्ये पाचशेहून अधिक जणांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही योजना शिकलेल्यांची लक्षणं इतरांपेक्षा जास्त घटली, आशा वाढली. शिकवणारेही मानसिक आजारातून सावरत असलेलेच लोक होते.

इंग्लंडमधला अनुभव आपण नीट पाहावा, कारण त्यात आपल्यासाठी इशारा आहे. तिथे रुग्ण आणि उपचार करणारे मिळून संकटाची योजना लिहितात. २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या १६० जणांच्या चाचणीत, योजना असलेल्यांपैकी १३ टक्क्यांना सक्तीने दाखल करावं लागलं. योजना नसलेल्यांमध्ये हे प्रमाण २७ टक्के होतं. पुढे तीच पद्धत साडेपाचशेहून अधिक रुग्णांवर, कित्येक उपचार-पथकांत राबवली गेली. २०१३ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा सक्तीची भरती घटलेली दिसली नाही. अनेक ठिकाणी डॉक्टरांनी त्या बैठकांत मनापासून भागच घेतला नव्हता. योजना म्हणजे नेहमीच्या फायलीतला आणखी एक कागद झाली होती. महाराष्ट्रात हेच होण्याची भीती जास्त आहे. परिपत्रक निघेल, नमुना छापला जाईल, नातेवाइकांकडून सही घेतली जाईल आणि तपासणीच्या दिवशी फाइल पूर्ण असेल. तसं होणार असेल तर न केलेलं बरं.

डॉक्टरांचे आक्षेप आहेत आणि ते उडवून लावण्याजोगे नाहीत. रुग्णाने सगळेच उपचार नाकारले तर? कायद्याने याचा विचार केला आहे. तातडीच्या उपचारांना आगाऊ निर्देश आड येत नाही. तो पाळणं अयोग्य वाटलं, तर डॉक्टर किंवा नातेवाईक मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करू शकतात. आपल्याकडे माणूस एकटा नसतो, घर बरोबर असतं, हा दुसरा आक्षेप. खरं आहे; पण हा कागद घराला बाहेर ठेवत नाही. उलट आई, भाऊ, बहीण यांना दाराशी अ‍ॅम्ब्युलन्स उभी असताना अंदाजाने ठरवण्याच्या ओझ्यातून सोडवतो. चौथं कलम तर याहून मोलाचं सांगतं: एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याची निर्णयक्षमता गेली असं ठरत नाही.

एक सावधगिरी इथेच नोंदवायला हवी. स्वतःचा आजार स्वतः सांभाळणं म्हणजे औषधं सोडणं नव्हे आणि सरकारने हात झटकणंही नव्हे. ग्रामीण रुग्णालयात लिथियमची पातळी तपासायची सोय नसेल, महिना महिना गोळ्यांचा साठा संपलेला असेल, तर रुग्णाला ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणणं क्रूरपणा आहे. सेवा भक्कम असली तरच स्वव्यवस्थापन उभं राहतं.

मग हे शिकवायचं कोणी? महाराष्ट्राने याचं उत्तर आधीच देऊन ठेवलं आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसं नव्याने आलेल्यांचे समुपदेशक, कार्यकर्ते झाली. व्यसनाच्या बाबतीत जे समाजाने डोळ्यांनी पाहिलं, ते स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरच्या बाबतीत सरकारी यंत्रणेने अजून आपलंसं केलेलं नाही. पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्थांचे स्वमदतगट वर्षानुवर्षं चालू आहेत. पुण्याच्याच इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने शेजारच्या गुजरातेत, जागतिक आरोग्य संघटनेच्या क्वालिटीराइट्स कार्यक्रमाखाली, सरकारी रुग्णालयांत स्वतः आजार अनुभवलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन सोबतीला उभं केलं. पुण्याची माणसं हे गुजरातेत करू शकतात, तर येरवड्यात का नाही?

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपासून सुरुवात व्हावी. घरी सोडताना पुढच्या उपचारांचं नियोजन करणं कायद्याने बंधनकारकच आहे. त्याच बैठकीत रुग्णाला या हक्काची माहिती मिळावी आणि लिहायचं की नाही हे त्याच्यावर सोडावं. सोबत बसायला स्वतः त्या वाटेने गेलेला एक माणूस असावा, पगारी, ओळखपत्र असलेला. स्वयंसेवकाचं मानधन तीन-तीन महिने रखडतं, हे गावोगावच्या आशा सेविकांना विचारलं तर कळेल. नमुना साध्या मराठीत असावा. ज्याला लिहिता येत नाही, त्याचं म्हणणं त्याच्या बोलीत ऐकून उतरवून घ्यावं, मग ती कोरकू असो की अहिराणी. आणि लिहिणं दाखल असतानाच उरकू नये. वॉर्डात माणूस सुटका व्हावी म्हणूनही सही करतो. खरा मजकूर घरी गेल्यावर, दोन-तीन महिन्यांनी फॉलोअपला आल्यावर येतो, तेव्हा तो बदलायची मुभा आहे हे त्याला पुन्हा सांगावं लागेल.

बरे होऊनही केवळ घरचे नेत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं वॉर्डात अडकलेल्या माणसांचा प्रश्न मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेमुळे मुंबई उच्च न्यायालयासमोर आला. अशा अडकलेल्या माणसांनाही हा कागद हवा. त्यांच्या वतीने बोलणारं कोणी उरलेलं नसेल, तर स्वतःचा शब्द आधी लिहून ठेवण्याची गरज त्यांना सगळ्यांत जास्त आहे.

सातव्या कलमानुसार पुनर्विलोकन मंडळांनी नोंदवलेल्या आगाऊ निर्देशांची ऑनलाइन नोंदवही ठेवायची आहे आणि गरजेच्या वेळी ती उपचार करणाऱ्यांना उपलब्ध करून द्यायची आहे. जिल्ह्यागणिक त्या नोंदवहीत किती निर्देश आहेत, ते आपण जाहीर करावं. कायद्याने आपल्या प्राधिकरणात मानसिक आजार अनुभवलेल्यांच्या प्रतिनिधींसाठी जागा ठेवल्या आहेत. त्या भरलेल्या असतील तर पुढच्या बैठकीत हा विषय त्या सदस्यांनीच मांडावा आणि नमुन्याचा मसुदाही त्यांच्याच हातून तयार व्हावा. रिकाम्या असतील, तर ती बैठक बोलावण्याआधी त्या भराव्यात.

कळावे.