गच्चीवरचे पाहुणे

पक्षी बघायचे म्हटले की मनीषनगरातले लोक गाडी काढून गोरेवाडा नाहीतर अंबाझरी गाठतात. सप्टेंबर सरता सरता आपल्याच गच्चीवर, टाकीतून सांडलेल्या पाण्याजवळ, पिवळ्या पोटाचा करडा धोबी शेपटी वरखाली करत फिरत असतो, हे मात्र कुणाच्या गावी नसते. उन्हाळ्यात तो हिमालयातल्या ओढ्यांकाठी असतो. पाठोपाठ कृष्णथिरथिरा येतो. ज्या रिकाम्या प्लॉटवर अजून बोअरवेलची गाडी आलेली नाही, त्याच्या कुंपणावर बसून तो तांबूस शेपटी थरथरवतो. दसऱ्याला नीळकंठ दिसावा म्हणून आपण बेसा रोडच्या तारा धुंडाळतो तेही चांगलेच, पण त्याचा प्रवास या दोघांइतका लांबचा नव्हे. खरी नोंद करावी ती अमूर ससाण्याची, आणि त्यासाठी नोव्हेंबरात मान वर करायला हवी. जेमतेम दीडशे ग्रॅमचा हा पक्षी ईशान्य आशियातून निघून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जातो. 2012 साली नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ हजारोंनी जाळ्यात धरून त्यांची कत्तल झाली होती. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी शिकार थांबवली. तेव्हापासून काहींच्या पाठीवर उपग्रह-यंत्रे बसवली गेली, आणि मध्य भारतावरून जाऊन अरबी समुद्र न थांबता ओलांडणारी त्यांची वाट नकाशावर उमटली. आपले नागपूर त्याच पट्ट्यात येते. दुर्बीण असेल तर उत्तम. नसली तर निदान तारीख तरी कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लिहून ठेवा.