खुब्याचा हिशेब नव्वद दिवसांचा

खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आता नाशिकसारख्या शहरात नवलाची राहिलेली नाही. रुग्ण चार-सहा दिवसांत वॉकर धरून घरी येतो, बिल चुकते होते आणि रुग्णालयाच्या दप्तरी प्रकरण मिटते. वस्तुतः ते मिटलेले नसते. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका पुढे कित्येक आठवडे टिकतो. जखमेतील जंतुसंसर्ग पुष्कळदा घरी आल्यावरच उघड होतो. नवा सांधा निखळण्याचे प्रसंगही पहिल्या तीन महिन्यांतच अधिक. पाटावर मांडी घालून जेवणे, उकिडवे बसणे, पडलेला चष्मा वाकून उचलणे, या आपल्या नित्याच्या सवयीच त्या काळात घातक ठरू शकतात. पोटरी सुजली, धाप लागली वा जखम पाझरू लागली, तर 'वय झाले, चालायचेच' म्हणून स्वस्थ बसणे परवडणारे नाही.

परवडण्याचा प्रश्न येथे अक्षरशः आहे. शस्त्रक्रियेचा दर आधी ठरतो. गुंतागुंतीचा ठरत नाही. दुसऱ्यांदा भरती होणे, मुलाची बिनपगारी रजा, सुरगाण्या-पेठेहून गाडी करून नाशिक गाठणे, हा सारा खर्च कुटुंबाच्या माथी येतो. ज्या खर्चाची नोंदच नाही तो कमी करण्याची निकड कुणालाच भासत नाही.

नोंद नसल्याची किंमत आपण एकदा मोजली आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीने आपले 'एएसआर' खुबे ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागविले. पाच वर्षांच्या आत सुमारे आठांपैकी एका रुग्णावर पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी येत होती. ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय नोंदवहीने हा दोष आधीच दाखवून दिला होता. भारतात असे सुमारे ४,७०० खुबे बसविले गेले. केंद्राच्या समितीने किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली. तिचा अहवाल २०१८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. पैसे द्यायचे तरी कुणाला? ती गुंतागुंत पहिल्या आठवड्यांतली नव्हती हे खरे. पण रुग्ण दाराबाहेर पडताच दप्तरातून नाहीसा होतो, हा दोष दोन्हीकडे एकच.

शल्यतज्ज्ञांच्या संघटनेची नोंदवही आपल्याकडे आहे, परंतु ती ऐच्छिक. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकातच आहे. निदान या जिल्ह्यापुरती त्याने सक्तीची मागणी लावून धरावी: प्रत्येक रुग्णाला बसविलेल्या सांध्याचा क्रमांक लिहून द्यावा आणि नव्वदाव्या दिवशी त्याची विचारपूस करून उत्तर नोंदवावे. एवढ्या कामास फार तर एका कारकुनाचा पगार लागेल.