पाच किलोमीटर म्हणजे पाच किलोमीटर

मराठी माणसाला अंतराचा हिशेब कधीच जमलेला नाही. 'इथंच आहे हो, पाच मिनिटांवर' असं सांगून त्यानं आजवर हजारो पाहुण्यांना दोन-दोन मैल तंगडतोड करायला लावली आहे. त्यात लबाडी नसते. पाहुण्याचा धीर खचू नये एवढीच भावना असते. पण हाच माणूस जेव्हा छातीवर बिल्ला लावून धावण्याच्या शर्यतीचा संयोजक होतो, तेव्हा माझा त्याच्याशी उभा दावा आहे.

आधी त्याची भाषा बघा. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर, हे जगानं एकदाचं ठरवून टाकलेलं आहे. आपल्याकडे मात्र बसस्टँडपासून नगरपालिकेपर्यंत शाळेची पोरं पळाली तरी 'मॅरेथॉन'! एकाच कापडी फलकावर 'भव्य' आणि 'मिनी' हे दोन शब्द शेजारी शेजारी गुण्यागोविंदानं नांदताना मी पाहिले आहेत.

मग शर्यतीचा दिवस. शर्यत कसली, लग्नकार्यच ते! पत्रिकेवर मुहूर्त सहाचा. सव्वासहाला मांडव रिकामा. पावणेसातला बँड. सव्वासातला प्रमुख पाहुणे. त्यांच्यामागून शाल, श्रीफळ आणि 'आरोग्य हीच संपत्ती' या विषयावर पाऊण तास बोलणारे एक अतिशय संपन्न पोट. तेवढ्यात स्टेजवरून एक मुलगी सगळ्यांना हात वर करून नाचायला लावते, त्याला म्हणे 'वॉर्म-अप' म्हणतात. या सगळ्या कार्यात ज्याला कुणी विचारत नाही असा एकच प्राणी असतो, नवरदेव. म्हणजे धावणारा. तो बिचारा साडेपाचपासून पोट रिकामं ठेवून एका पायावर उभा असतो. निशाण हलतं तेव्हा सूर्य कासराभर वर आलेला असतो.

आणि अंतर? ते संयोजकांच्या भाच्यानं आदल्या संध्याकाळी स्कूटरवरून मोजलेलं असतं. वाटेत तो मित्राकडे चहाला वळला होता, तेही त्यात धरलेलं असतं. परिणामी पाच किलोमीटरची शर्यत साडेचारातच आटोपते आणि गावातली निम्मी माणसं राष्ट्रीय विक्रमाच्या आसपास पोचतात. कुणी चौकशी केलीच, की "अहो, माझी नक्की वेळ किती?" तर उत्तर ठरलेलं : "वेळ काय करायचीय काका? मेडल मिळालं ना? केळं घ्या."

याच्या नेमकं उलट कसं असतं ते पाहायचं असेल, तर इंग्लंडातल्या लँकेशायर परगण्यात चला. आपल्या पिढीला हा मुलूख क्रिकेटमुळे ठाऊक. लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ सालापासून जिथं व्यावसायिक म्हणून खेळला ते नेल्सन, आणि आपला सुभाष गुप्ते १९५० च्या दशकात जिथं लेगब्रेक टाकत होता ते रिश्टन, ही तिथलीच गिरण्यांची गावं. नेल्सनला अगदी खेटून बॅरोफर्ड नावाचं एक छोटं गाव आहे. तिथं सायकलवाल्यांसाठी बांधलेला, रहदारीला बंद असा एक डांबरी फेरा आहे, जेमतेम किलोमीटरभराचा. स्टीव्हन बर्क या ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या सायकलपटूचं नाव त्याला दिलेलं आहे. या फेऱ्यावर 'पोडियम ५के' नावाची शर्यत होते. पाहायला म्हणाल तर काही नाही. एक सपाट वळणदार रस्ता, आणि वेगवेगळ्या क्लबांच्या बनियन घातलेली काटकुळी माणसं. कुणी मास्तर, कुणी कारकून. वेळेप्रमाणे गट पाडलेले, म्हणजे सोळा मिनिटांवाला सोळावाल्यांत आणि अठरावाला अठरावाल्यांत. निशाण झालं की फेरे मारायचे, घड्याळ बघायचं, घरी जायचं.

एवढ्याशा या शर्यतीत २०२० साली मार्क स्कॉटनं पाच किलोमीटर १३ मिनिटं २० सेकंदांत संपवले. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये बेथ पॉटर नावाची स्कॉटिश बाई तिथं धावली. या बाई पूर्वी शाळेत पदार्थविज्ञान शिकवायच्या. पुढं २०२३ साली त्या ट्रायथलॉनच्या जगज्जेत्या झाल्या. त्या दिवशी त्यांची वेळ लागली १४ मिनिटं ४१ सेकंद. त्या वेळचा जागतिक विक्रम होता १४:४३, आणि तो दोनच महिन्यांपूर्वी झाला होता कुठं? तर मोनॅकोला! एकीकडे धनाढ्यांचं मोनॅको आणि दुसरीकडे लँकेशायरमधलं हे बॅरोफर्ड. विक्रमांच्या अधिकृत यादीत पॉटरबाईंचं नाव चढलं नाही. त्या दाराशी पहारा कडक असतो आणि तो असावाच. पण बँड नाही, पाहुणे नाहीत, केळं नाही, तरी तिथं माणसं जगात कुणीही धावावं तशी धावली, हे तर कुणी पुसून टाकू शकत नाही ना?

आता गंमत बघा. दोन सेकंदांचा हा फरक म्हणजे पॉटरबाईंच्या वेगानं सुमारे अकरा मीटर. क्रिकेटच्या अर्ध्या पिचपेक्षा थोडं जास्त. पाच हजार मीटरच्या रस्त्यात अकरा मीटर इकडेतिकडे झाले की विक्रमाचा पालापाचोळा! म्हणून जिथं वेळेला किंमत असते तिथं रस्ता स्कूटरनं मोजत नाहीत. सायकलनं मोजतात. हसू नका. आधी पोलादी टेपनं एक सरळ पट्टा काटेकोर मोजून घेतात, त्यावरून सायकल नेऊन चाकाचे वेढे किती होतात ते बघतात, मग सगळा मार्ग त्याच सायकलनं मोजतात, आणि शेवटी पुन्हा त्या पट्ट्यावर येऊन चाक मधेच फुगलं-बसलं तर नाही ना, याची खात्री करतात. वेढे मोजायला चाकाला एक छोटं यंत्र लावतात. १९७१ साली अमेरिकेतल्या जोन्स बापलेकांनी ते केलं. वळणावर कडेपासून फक्त तीस सेंटिमीटर अंतर ठेवायचं, कारण धावणारा तेवढंच ठेवतो. आणि एवढं करूनही हजारामागे एक मीटर जादा धरायचा, म्हणजे चुकलंच तर रस्ता लांब निघावा, आखूड निघू नये. दूधवाल्यानं मापावर वर चार थेंब ओतावेत तसं. आपल्याकडे ही रीत दुधातून गेली आणि रस्त्यावर तर आलीच नाही.

"एवढं ताणायचं कशाला?" असं तुम्ही म्हणाल. तर ऐका. १९८१ साली न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनमध्ये अल्बेर्तो सालाझारनं २ तास ८ मिनिटं १३ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. पुढं कुणीतरी तो रस्ता पुन्हा मोजला, तर सुमारे दीडशे मीटर आखूड! धावण्यात त्या माणसानं काही कसूर केली नव्हती. कसूर मोजणाऱ्याची आणि विक्रम गेला पळणाऱ्याचा. न्यूयॉर्कची ही कथा, तर आपल्या भाच्याची स्कूटर कोण विचारतो?

माझ्या ओळखीतले उत्साही लोक यावर लगेच म्हणतात, "हे सगळं फास्ट माणसांचे चोचले. आपण काय मजेसाठी पळतो." यावर माझं ठाम उलट मत आहे. जगज्जेत्याचं काय, त्याला रस्ता आखूड मिळाला तर उद्या तो दुसरीकडे विक्रम करील. पण तो पोस्टातला चाळिशीचा कारकून घ्या. सहा महिने पहाटे साडेचारला उठून, बायकोची बोलणी खाऊन, कुत्री चुकवून त्यानं तीस मिनिटांचे साडेएकोणतीस करायचे ठरवलेत. त्या अर्ध्या मिनिटाचं अंतर ऐंशी-पंच्याऐंशी मीटर. तेवढं तुम्ही भाच्याच्या चहात घालवलंत तर त्याचे सहा महिने गेले. बरं, उलटं झालं आणि कमाई न करताच त्याला अर्धं मिनिट मिळालं, तरी तेही गेलेच. कारण मनात त्याला ठाऊक असतं. या देशात सामान्य माणसाला वशिल्याशिवाय आणि खऱ्याखुऱ्या मापानं मिळू शकेल अशा गोष्टी फार थोड्या आहेत. आपली स्वतःची वेळ ही त्यांतली एक. तीही तुम्ही खोटी करून हातावर ठेवता आणि वर म्हणता, मेडल घ्या!

आणि त्याच्या मागे उभी असलेली पोरं? माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये पदक घेऊन आली. अशी पोरं आजही कुठल्या तरी बांधावरून पळत असतील. साडेचार किलोमीटरला पाच म्हणून सांगितलेली पोरगी जिल्ह्यात राणी ठरते आणि राज्याच्या खऱ्या मैदानावर तिला कळतं, की आपल्याला दीड मिनिट कमी पडतंय. ती रडते आणि परत येत नाही. हे पाप कोणाच्या खात्यावर? शिवनाथ सिंगनं १९७८ साली जालंधरला मॅरेथॉन २ तास १२ मिनिटांत संपवली. तो भारतीय विक्रम चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकला. एवढ्या वर्षांत फलक भव्य झाले, पाकिटं भव्य झाली, वेळ मात्र हलायला तयार नव्हती.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सपाट रस्ता द्या, तो नीट मोजा, बरोबरीची माणसं बरोबरीत उभी करा आणि सहाला म्हणजे सहाला सोडा. पाहुण्यांना बोलवायला माझी हरकत नाही. दीप लावा, शाल घाला, भाषण तर हवं तेवढं लांबवा. फक्त हे सगळं शर्यत संपल्यावर करा. तोवर धावणारे घरी पोचून, गरम पाण्यानं आंघोळ करून, पोह्यांवर लिंबू पिळत बसलेले असतील.