मुकुंदवाडीतल्या मंडळांसाठी महापालिकेत जागा आहे, ती मिळवायची कशी?

जुलै 2019. मुकुंदवाडी स्टेशनलगतच्या वस्तीतली मुलं रिकामी भांडी घेऊन रेल्वेत चढत होती. तेव्हाच्या औरंगाबाद स्टेशनवर पाणी भरायचं आणि परतीच्या गाडीने घरी यायचं. जाऊन-येऊन 14 किलोमीटर. ही बातमी जगभर पोहोचली.

तेव्हा महापालिकेत नगरसेवक होते. एप्रिल 2020 मध्ये त्यांची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. 15 जानेवारी 2026 ला मतदान होऊन पुन्हा नगरसेवक आले. पण नगरसेवक असतानाही मुलांवर पाण्यासाठी रेल्वे पकडायची वेळ आली होती. मग दोन निवडणुकांच्या मधे वस्तीच्या वतीने विचारणार कोण?

पाण्याचा आणि नोकरीचा काय संबंध?

पैठणचा नाथसागर शहरापासून साधारण 50 किलोमीटरवर आहे. तरीही शहरात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येतं. 2,740 कोटींची नवी योजना त्यासाठीच आखली गेली. पाणी कधी येईल याचा भरवसा नसला की घरातल्या कुणाला तरी थांबावं लागतं. शेजारच्या चिकलठाणा एमआयडीसीत रोजंदारीवर जाणाऱ्यासाठी असा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली.

दाखल्यांचंही तसंच. उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला उशिरा मिळाला की प्रवेश किंवा शिष्यवृत्ती हातची जाऊ शकते.

कायदा काय देतो?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 29-अ नुसार प्रभाग समितीत नगरसेवकांसोबत जास्तीत जास्त तीन सदस्य स्थानिक सामाजिक संस्थांमधून घेता येतात. पाणी, ड्रेनेज, सफाई यांच्या तक्रारी सोडवणं आणि प्रभागाच्या बजेटबद्दल शिफारस करणं ही या समितीची कामं आहेत. मात्र ही नावं नगरसेवकच ठरवतात. त्यामुळे संस्थेच्या नावाखाली पक्षाच्या कार्यकर्त्याची वर्णी लागण्याचा धोका राहतो. वस्तीतली संस्था नोंदणीकृत आणि कामाने ओळखीची असेल, तर तिला डावलणं अवघड जातं.

फेरीवाल्यांसाठी 2014 चा केंद्रीय कायदा आहे. शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात, असं तो सांगतो. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत फेरीवाल्यांना हटवता येत नाही. जून 2025 मध्ये मुकुंदवाडीत जालना रोडलगतच्या अतिक्रमणांवर बुलडोझर चालला, तेव्हा रोजगाराचा प्रश्न किती नाजूक आहे हे दिसलं. पक्क्या बांधकामांना या कायद्याचं संरक्षण नाही. हातगाडी आणि पथारीवाल्यांना आहे, पण त्यासाठी त्यांची नावं यादीत असायला हवीत.

दाखल्यांसाठी 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे. अर्ज नाकारला तर लेखी कारण द्यावं लागतं. त्यावर अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो.

मंडळांनी काय करायचं?

गणेश मंडळं, जयंती समित्या, महिला बचत गट बहुतेक वस्त्यांमध्ये आहेत. वर्गणी गोळा करणं, परवानगी मिळवणं, माणसं जमवणं त्यांना जमतं. उणीव असते ती कागदांची. संस्था नोंदवायला किमान सात जण लागतात. त्यानंतर दरवर्षी तपासलेले हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात. त्यासोबत एक साधी वही ठेवली तरी खूप होतं: पाणी कोणत्या दिवशी आलं, किती वेळ आलं, कुणाचा अर्ज किती दिवस रखडला. "पाणी येत नाही" असं म्हणण्यापेक्षा तीन महिन्यांच्या तारखा समोर ठेवल्या की अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

याला वेळ लागतो. पुण्यातल्या कचरावेचकांनी 1993 मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी केली. घरोघरचा कचरा उचलण्यासाठी त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार झाला तो 2008 मध्ये. मधल्या 15 वर्षांत संघटना बांधली गेली, म्हणूनच शहराला सेवा मिळाली आणि हजारो कष्टकऱ्यांना हक्काचं काम मिळालं.

मुकुंदवाडीत सुरुवात छोट्या अर्जाने होऊ शकते. आपल्या प्रभाग समितीत संस्थांचे सदस्य कोण आहेत, त्यांची निवड कधी झाली आणि समितीच्या किती बैठका झाल्या, हे माहिती अधिकारात विचारता येतं. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. जागा रिकाम्या असल्याचं उत्तर आलं, तर मंडळाने नगरसेवकाकडे कोणती मागणी करायची हे ठरलेलंच आहे.