५.३८ ला हात लावण्याआधी

जुनी जीप हौसेनं उभी करणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात कधी ना कधी हा किडा शिरतोच: मागचा क्राउन-पिनियन बदलायचा. कारण एकच, हायवेला ८० च्या वेगाने गेलं की इंजिन रडायला लागतं. मित्रमंडळी सांगतात, "४.२७ टाक रे, लोण्यासारखी पळेल." माझं मत उलटं आहे, आणि ते साध्या गुणाकारावर उभं आहे.

मूळ पेट्रोल इंजिनाची सीजे-३बी घेऊ. विलीजने १९५३ साली आणलेली आणि आपल्याकडे महिंद्रने कित्येक वर्षं बनवलेली. क्राउनला ४३ दात, पिनियनला ८, भागाकार ५.३८. ६.००-१६ टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर. म्हणजे ताशी ८० ला चाक मिनिटाला ५९३ फेरे मारतं, आणि टॉप गियर सरळ १:१ असल्यामुळे इंजिन जवळजवळ ३२०० आरपीएमला पोचतं. स्ट्रोक चांगला १११ मिलिमीटरचा. अशा इंजिनाला तासन् तास ३२०० ला पळवणं म्हणजे छळच. ४.२७ टाकलं की आकडा २५३० वर येतो. इथपर्यंत मित्रमंडळींचं बरोबर.

पुढचा गुणाकार मात्र कोणी करत नाही. या इंजिनाचा टॉर्क सर्वात जास्त असतो तो २००० ला. ५.३८ असेल तर टॉप गियरमध्ये ताशी ५० ला २००० मिळतात. ४.२७ असेल तर त्यासाठी ६३ चा वेग हवा. आता आंबेनळी घाट चढताना ६३ ने कोण जातंय? पुढचे गियर तीनच, त्यामुळे सारखं सेकंडमध्ये यावं लागणार. चाकापर्यंत पोचणारा जोर प्रत्येक गियरमध्ये २० टक्क्यांनी कमी. लो रेंजच्या फर्स्टमध्ये एकूण रेशो ३७ च्या आसपास असतो, तो २९ वर येतो. चिखलातून जीप काढणाऱ्याला हा फरक सांगायला नको.

आणि खरी भीती चढाची नाहीच, उताराची आहे. घाट उतरताना इंजिन गाडीला जे धरून ठेवतं, तेही त्याच २० टक्क्यांनी ढिलं पडतं. उरलेला भार ९ इंची ड्रम ब्रेकवर, आणि ड्रम तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. वर स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, म्हणजे एक्सलच्या आधी. गियर न बदलल्यास खरे ८० असताना काटा ६३ दाखवणार! गाडी शांत, काटा खाली, ड्रायव्हर खूश, आणि ब्रेक मात्र जुनेच.

५.३८ हा आकडा कुणी झोपेत ठरवलेला नाही. महायुद्धातल्या विलीज एमबीला ४.८८ होता. १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए काढताना तो ५.३८ केला, कारण तिला नांगर आणि ट्रॉली ओढायची होती. ती ज्या कामासाठी बनली, त्या कामाचा तो आकडा आहे.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक जुना नियम आहे: आधी मोजा, मग बदला. वर्षभराच्या फेऱ्या लिहून काढा. हायवे किती, घाट किती, कच्चा रस्ता किती? हायवेच जास्त निघाला तर ४.८८ घ्या, ८० ला २८९० येतात, तेवढं पुरे. फोर व्हील वापरणार असाल तर पुढचा एक्सलही त्याच रेशोचा लागेल, नाहीतर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतील. त्याआधी ब्रेक नीट करून घ्या. डिझेल इंजिन बसवलेलं असेल तर गणित वेगळं, त्याच्या टॉर्कचे आकडे घेऊन पुन्हा मांडा.

बाकीच्यांनी ५.३८ राहू द्यावं आणि ६० ने जावं. अर्धा तास उशीर होईल, इतकंच.